उजनीतला सकर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो

संपादक साहेब,

आमच्या भिगवणच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एकाने फोटो टाकला, जाळ्यात अडकलेला काळपट, अंगावर वाघासारखे पट्टे, खरखरीत कवच अन् खाली बशीसारखं तोंड. खाली पंचवीस कमेंटा, कोणी म्हणे मगरीचं पिल्लू, कोणी म्हणे नवीनच जात. अहो हा सकर मासा! काचेच्या टाकीत शेवाळ खातो म्हणून लोक हौसेने आणतात, मोठा झाला की नदीत सोडून मोकळे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. काठाला बिळं करतो, अन् काट्यांनी जाळी अशी गुंतवतो की सोडवायला ब्लेडच लागतं. बाजारात त्याला कोण विचारतंय?

पण मुद्दा फोटोचा आहे. तो फोटो दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला गेला, कुठे सापडला, कधी, काहीच नोंद नाही. हाच फोटो आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट अन् अ‍ॅप) टाकला तर तारीख, ठिकाण राहतं, जाणकार ओळख पटवून देतात, फुकटात. फक्त पाठीवरचा पंख अन् पोटावरची नक्षी नीट दिसली पाहिजे, हातात धरून हसणारा सेल्फी काय कामाचा?

चिलापीही (तिलापिया) अशीच बाहेरची मासळी, १९५२ मध्ये भारतात आणली, आज उजनी धरणात तीच जास्त निघते. आफ्रिकन मांगूर या माशावर २००० सालापासून बंदी आहे तरी तो पाळलेली तळी सापडतातच. मत्स्य विभागाने धक्क्यावर एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर तरी रंगवावा, फोटो आम्ही पाठवतो. आणि सापडलेला सकर परत पाण्यात टाकू नका रे बाबांनो.

– एक वाचक, भिगवण