लिॲन वुड यांना न्याय द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील, वेल्सच्या प्लाइड कमरी या राष्ट्रवादी पक्षाच्या माजी नेत्या लिॲन वुड यांच्यावरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. 2004 मध्ये वेल्सच्या विधानसभेत राणीचा उल्लेख 'मिसेस विंडसर' असा केल्यामुळे त्यांना सभागृहाबाहेर जावे लागले आणि 2018 मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना नेतेपदावरून दूर केले, एवढ्यावर लेखकाने त्यांची कारकीर्द उरकली आहे. मधल्या चौदा वर्षांत काहीच घडले नाही काय?

मी वेल्समधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. 2015 च्या निवडणुकीपूर्वीच्या हिवाळ्यात एका रुग्णाच्या मुलाने मला, मी इंजेक्शनचा ट्रे हातात घेऊन उभी असताना, 'आमच्यातली कोणी असेल तर पाठवा' असे सुनावले. वरिष्ठ सिस्टरांनी मला हळू आवाजात पलीकडच्या खाटेकडे जायला सांगितले. त्या गृहस्थाला मात्र कोणी एक शब्दही बोलले नाही. हे मी अजून विसरलेले नाही. 2 एप्रिलच्या रात्री सात पक्षनेत्यांची चर्चा दूरचित्रवाणीवर चालू होती. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे अशी मागणी करणाऱ्या यूकिप पक्षाचे तेव्हाचे नेते नायजेल फराज यांनी परदेशातून आलेल्या एचआयव्हीबाधितांच्या उपचारखर्चाचा विषय काढला, तेव्हा वुड यांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावले की, अशा बोलण्याने समाजात दुही माजते, आजारी माणसांना कलंक लागतो आणि तुम्हाला याची लाज वाटायला हवी. आमच्या वॉर्डात जे कोणी बोलले नव्हते ते एका पक्षाच्या नेत्या साऱ्या देशासमोर बोलल्या. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना त्याचे मोल किती वाटले, हे तुमच्या लेखकाने कोणाला विचारले असते तर बरे झाले असते.

आता राजकारणाचे. दक्षिण वेल्समधील ऱ्होन्दाच्या खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेल्या आणि पूर्वी प्रोबेशन अधिकारी (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारे अधिकारी) म्हणून काम केलेल्या वुड 2012 मध्ये प्लाइड कमरीच्या पहिल्या महिला नेत्या झाल्या. 2016 मध्ये त्यांनी मजूर पक्षाचे मंत्री लेइटन अँड्र्यूज यांना त्याच ऱ्होन्दात हरवले आणि 12 जागांसह त्यांचा पक्ष प्रमुख विरोधी पक्ष झाला. त्या निवडणुकीनंतर त्यांना, लेखात म्हटल्याप्रमाणे, 'तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या नेत्या' म्हणणे ही धडधडीत चूक आहे. त्यानंतर मुख्यमंत्रिपदासाठी मजूर पक्षाच्या कार्विन जोन्स यांच्याविरुद्ध 29-29 अशी बरोबरी झाली. वुड यांना पडलेल्या मतांत यूकिपची मते होती, ही गोष्ट मलाही खटकली होती आणि लेखात त्यावर टीका आली असती तर मी ती मान्य केली असती. पण लेखात तो प्रसंगच नाही. त्यांच्याच पक्षाच्या ज्या डॅफिड एलिस-थॉमस यांनी 2004 मध्ये विधानसभेचे अध्यक्ष म्हणून त्यांना बाहेर काढले, तेच 2012 मध्ये नेतेपदासाठी त्यांच्याविरुद्ध उभे होते आणि त्याच एलिस-थॉमस यांनी 2016 च्या ऑक्टोबरात पक्ष सोडल्यामुळे प्लाइड कमरीचे संख्याबळ घटले, याचाही पत्ता नाही. 2021 मध्ये त्या ऱ्होन्दात हरल्या हे खरे आहे. तेवढ्याने त्या 'अपयशी' ठरत नाहीत.

आणखी एक. परिचारिकांच्या प्रश्नावरील माझे मागील पत्र आपण अर्धे कापून छापलेत आणि कापलेला भाग नेमका तक्रारीचा होता. हे पत्र पूर्ण छापावे आणि तिसऱ्या क्रमांकाबाबतची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, कार्डिफ (मूळची साताऱ्याची)