तालमीचे पैसे कोण देणार?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात कथक करते आणि शिकवते. गेलं वर्षभर जात्यावरच्या ओव्यांवर एक रचना बसवतेय. तिच्यासाठी एका ठिकाणी अर्थसाहाय्याचा अर्ज करायला गेले, तर अर्जात दोनच चौकटी: शास्त्रीय किंवा लोककला. टेबलापलीकडचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, ओव्या ठेवायच्या असतील तर घुंगरू काढा." विनोद असावा बहुधा.

अडचण चौकटीपुरती असती तर हे पत्र लिहिलं नसतं. ओवी गाणारी बाई मात्रा मोजत नाही. दगड जड झाला की मध्येच 'बाई', 'गं' घालते आणि श्वास घेते. तीनतालाच्या सोळा मात्रांना हे चालत नाही. पहिले दोन महिने आम्ही ओवीलाच ओढूनताणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणत होतो. शब्द पोचायचे, पण दळणारी बाई हरवायची. मग उलटं केलं. तबला थांबवला, नुसती सारंगी ठेवली, तत्कार, म्हणजे पायांचा ठेका, जात्याच्या घरघरीसारखा खालच्या आवाजात धरला. ओवी संपेल तिथे सम. चक्करही बदलली. कथकमध्ये नर्तकी उभ्याने टाचेवर फिरते. जात्यापाशी बाई बसलेली, फिरतो तो खुंटा. म्हणून आता हात फिरतो, धड झुलतं, आणि उभ्याने घेतलेली चक्कर एकच, दळण संपल्यावर.

हे सापडायला तबलजी आणि सारंगीवाले रोज समोर बसावे लागले. मी जिथे जिथे अर्ज केला, तिथे पैसे मिळतात ते प्रयोगाचे. तालीम ज्याची त्याच्या खिशातून. म्हणून आमच्यातले बरेच जण रेकॉर्ड केलेल्या संगीतावर नाचतात. रेकॉर्डिंग ओवीसाठी थांबत नाही, सम कुठे पडणार हे ते आधीच ठरवून बसलेलं असतं.

लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकलेल्या रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था काढली. अहमदाबादच्या कुमुदिनीबेन लाखिया यांनी एकल कथक समूहात नेलं, तेव्हा नाकं मुरडणारे होतेच. आज आम्ही दोघींची नावं परंपरा म्हणून घेतो. आणि ओव्यांचं म्हणाल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्यात. एवढा ऐवज घरात असताना आम्ही तीच ती ठुमरी किती वर्षं नाचायची? (ठुमरीवर राग नाही, माझंही पोट तिच्यावरच चालतं.)

मागणी साधी आहे. अर्जात 'नवी रचना' अशी तिसरी चौकट घाला, आणि प्रयोगाआधीच्या निदान वीस तालमींचं मानधन वादकांना थेट द्या. हजेरीवही ठेवू, हवं तर चित्रीकरणही देऊ.

आमची तालीम रोज सकाळी सात ते नऊ असते. एकदा जरूर या, फक्त वेळेवर. नऊला हॉल योगवर्गाला द्यावा लागतो.

आपली,
एक कथक नर्तकी, पुणे