मत कुणाला, ते विचारत नाही

जेलरोड, नाशिकरोड
२८ डिसेंबर २०२५

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री ग्रुपवर तुझा मेसेज वाचला. 'संक्रांतीला येतेय, पंधराला मतदान करूनच जाईन. या वेळी माझं मत दिल्लीत जे झालं त्याच्यावर.' बाबांनी अंगठा पाठवला आणि झोपायला गेले. मी टाईप करत, पुसत बसले. फोन केला असता तर नोव्हेंबरसारखंच झालं असतं. तू म्हणणार 'तुला नाशिकमध्ये बसून काय कळणार', मग माझा आवाज चढणार, मग तू फोन ठेवणार. म्हणून कागद घेतला. बाबा फोटो काढून पाठवतील. शुद्धलेखन काढू नकोस, तो माझा धंदा आहे.

आधी एक सांग. ऑफिसला अजून त्याच लाईनने जातेस का? लाल किल्ला स्टेशन लागतं ती? बसने जाता येतं असं तूच एकदा म्हणाली होतीस. हे एवढंच विचारते, पुन्हा काढणार नाही.

तुझा राग मला कळत नाही असं समजू नकोस. १० नोव्हेंबरला लाल किल्ल्यापाशी स्फोट झाला, सातनंतर टीव्हीवर पट्टी फिरायला लागली आणि तुझा फोन लागेना. बाबा नुसते चॅनल बदलत होते. तुझा आवाज ऐकल्यावर मी तुला पहिलं काय विचारलं तर जेवलीस का. पण त्यानंतर तू जे बोललीस ते मी बरेच दिवस डोक्यात घोळवते आहे. आधी म्हणालीस, ज्यांना आमचा जीव सांभाळता येत नाही त्यांना खाली खेचलं पाहिजे. मग पाच मिनिटांनी म्हणालीस, आता जो घरात घुसून मारेल त्यालाच मत. अगं, ही दोन मतं झाली, आणि दोन्ही एकाच बाजूला पडतील असंही नाही. तुझं खरं कोणतं हे तुलाही त्या रात्री माहीत नव्हतं. कसं असणार?

दुसऱ्याच दिवशी बिहारमध्ये दुसऱ्या टप्प्याचं मतदान होतं. पहिला टप्पा ६ तारखेला झाला होता. म्हणजे एकाच राज्यात निम्म्या लोकांनी स्फोटाआधी बटण दाबलं आणि निम्म्यांनी स्फोटानंतर. आता स्फोटानेच मत ठरायचं असेल तर आपलं गाव कोणत्या टप्प्यात पडलं यावर ते ठरलं म्हणायचं. निवडणूक आयोगाने सोयीने आखलेल्या नकाशावर! नोकरीभर निवडणुकीची ड्युटी केलेल्या बाईला हे काही पटत नाही बघ.

२००८ चं तुला आठवतं का? कसाबला पकडताना गेलेल्या ओंबळेंचा फोटो पेपरातून कापून वहीत चिकटवला होतास, आणि 'फक्त काठी होती हातात' हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस. ती वही अजून माळ्यावर आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत हल्ला सुरू झाला आणि २७ ला मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान होतं. तिकडे ताजमध्ये गोळीबार चाललेला, इकडे माणसं रांगेत. २९ ला सकाळी ताजमधली कारवाई संपली, त्याच दिवशी दिल्लीने मतदान केलं. मध्य प्रदेशात भाजपचं सरकार होतं, ते राहिलं. दिल्लीत काँग्रेसचं होतं, तेही राहिलं. शीला दीक्षित तिसऱ्यांदा आल्या. पाच महिन्यांनी लोकसभेला मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या. तुझा मामा आजही म्हणतो, मुंबईकर विसरभोळे. मला तसं वाटत नाही. एक तर त्या वेळी मनसेने मतं खाल्ली होती, हे मामा सोयीने विसरतो. दुसरं, तोवर केंद्रातले गृहमंत्री शिवराज पाटील, इथले मुख्यमंत्री विलासराव आणि गृहमंत्री आर. आर. आबा या तिघांची खुर्ची गेली होती, एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला होता. काहीतरी हललं हे लोकांनी पाहिलं होतं. पुरेसं होतं का, तो भाग वेगळा. आबा तर वर्षभरात त्याच गृहखात्यावर परत आले. तो निर्णयही मतं मोजून झाल्यावरचा, त्यावर मत द्यायला कुणाला मिळालंच नाही.

मालेगावचं तुला फारसं आठवणार नाही. आपण कॅम्पात राहत होतो. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरात. शुक्रवारी माग बंदच असतात. मी चाचणीच्या वह्या तपासत होते, शेजारच्या वहिनी धावत आल्या तेव्हा कळलं. बडा कब्रस्तान, मुशावरत चौक इथे बॉम्ब फुटले. तिसाहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. दुसऱ्या दिवशीही मागांची खटखट आली नाही. तू विचारत होतीस, आज पण सुट्टी का? ज्यांना पकडलं त्यांना कोर्टाने २०१६ मध्ये आरोपातून मोकळं केलं. तोवर त्यांची पोरं मोठी झाली. मग २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट, सहा गेले. तो तपास एटीएसचे प्रमुख हेमंत करकरेंकडे होता आणि दोन महिन्यांत मुंबईच्या हल्ल्यात करकरेच गेले. त्या खटल्याचा निकाल यंदा ३१ जुलैला लागला. सातही आरोपी निर्दोष सुटले. मधल्या काळात लोकसभेच्या चार आणि विधानसभेच्या चार निवडणुका होऊन गेल्या. मालेगावचं नाव घेऊन मतं मागणारे मी दोन्ही बाजूंचे ऐकले, आणि प्रत्येकाला गुन्हेगार कोण हे पक्कं ठाऊक होतं. कोर्टाला सतरा वर्षांत कळलं नाही ते ह्यांना सभेच्या मंडपात कळत होतं. ज्या गावाला आपली माणसं कुणी मारली हेच धड कळलेलं नाही, त्या गावाने मत कुणाच्या विरोधात टाकायचं, सांग.

काल दुपारी देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालू होता. तावदानं वाजतात ना, तशी वाजली. एरवी लक्षही जात नाही. काल मी फोन हातात घेऊन तुझं 'लास्ट सीन' बघत बसले. बस जात असेल ना गं त्या रस्त्याने? उभं राहावं लागलं तरी चालेल. जाऊ दे.

२०१९ ला माझी ड्युटी होती. २९ एप्रिल, ऊन असं की शाईची बाटलीसुद्धा गरम. फेब्रुवारीत पुलवामाला सीआरपीएफचे चाळीस जवान गेले, मग बालाकोट, आणि २७ तारखेला बडगाममध्ये हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडलं. त्यात आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्यांना इथे आणलं तेव्हा बाबा गेले होते, आल्यावर दिवसभर बोलले नाहीत. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं आयोगाने पक्षांना कळवलं होतं. पण रांगेत माणसं काय बोलतात त्याला आचारसंहिता नसते. मी केंद्राध्यक्षाच्या खुर्चीत बसून ऐकत होते. अर्ध्या गप्पा त्याच. मग लोकसभा झाली, सरकार बसलं, आणि ऑक्टोबरात हवाई दलप्रमुखांनी स्वतः सांगितलं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, मोठी चूक झाली. आता बघ. त्या रांगेतल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मत बदललं असतं असं मी म्हणत नाही. बहुधा नसतंच बदललं. पण पेपर तपासायच्या आधीच मार्क देऊन झाले होते, आणि ते मला आजही खुपतं.

तू स्पेनचं उदाहरण दिलं होतंस. मी नंतर वाचलं, तुझ्याशी भांडायचं तर तयारी हवी. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले, १४ ला मतदान, सरकार पडलं. तू म्हणालीस, बघ, तिथल्या लोकांनी धडा शिकवला. पण त्या तीन दिवसांत काय झालं तेही बघ ना. सरकार सांगत राहिलं की हे बास्क फुटीरांच्या 'एटा' संघटनेचं काम, आणि इकडे धागे दुसरीकडेच जात होते. लोक रस्त्यावर उतरले ते 'खरं काय ते सांगा' म्हणत. अतिरेक्यांनी सरकार पाडलं असं काहींनी म्हटलं. मला वाटतं लोकांनी लपवाछपवीची शिक्षा दिली. ती शिक्षा मला मान्य आहे. तीन दिवसांत दिली तरी मान्य आहे, कारण लपवाछपवी त्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती.

म्हणजे हल्ला मतात धरूच नकोस, असं मी म्हणत नाही. ते त्या रात्री तुला तसं ऐकू आलं असेल. धर की. पण त्याला चार प्रश्न विचारून धर. आधी कुणी सूचना दिली होती का, दिली असेल तर ती कुठल्या टेबलावर पडून राहिली? चौकशी झाली तर तिचा कागद लोकांपुढे आला का? त्यानंतर स्टेशनवर, चौकात, अधिकाऱ्यांच्या जागा भरण्यात काही बदललं का, की नुसते बॅनर लागले? ज्याने उत्तर दिलं त्याला एक माप, ज्याने टाळलं त्याला दुसरं. मग तो तुझ्या आवडीचा असो की मामाच्या. याला वेळ लागतो. आणि मारणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं की आपण वेळ घेऊ नये. तारीख त्यांनी ठरवावी, विषय त्यांनी ठरवावा, आपण फक्त बोट

झालं, सुरू झाला माझा तास. रागावू नकोस. सत्तावीस वर्षांच्या, एकटीने दिल्लीत घर करून राहणाऱ्या मुलीला कुणी असं शिकवतं का? त्या दिवशी तू रस्त्यावर अडकलेल्या दोन मुलींना रूमवर घेऊन गेलीस, हे मला तुझ्याकडून नाही, शकूमावशीकडून कळलं. तिला सांगितलंस आणि मला नाही. मी सगळ्या आळीत सांगून आले.

पण आता हे तरी ऐक. पंधराला मतदान आहे ते महापालिकेचं. आपल्या प्रभागात चार जण निवडायचे, म्हणजे चार मतं. २०२२ पासून इथे प्रशासक आहे, पाण्याची बोंब सांगायला नगरसेवकसुद्धा नाही. त्या चौघांपैकी एकाचाही लाल किल्ल्याशी काय संबंध? दिल्लीचे पोलीस तर दिल्लीच्या राज्य सरकारकडेही नाहीत, केंद्राच्या गृहखात्याकडे आहेत. त्यांचा हिशोब लोकसभेला.

जिवाच्या सुरक्षेवरच मत द्यायचं असेल तर इथेही विषय आहे. २०२७ ला सिंहस्थ आहे. २००३ च्या सिंहस्थात गल्लीतल्या चेंगराचेंगरीत तिसाहून जास्त माणसं गेली. बॉम्ब नव्हता, शत्रू नव्हता, उतार होता आणि गर्दी होती. पुढच्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, पण त्यावर कुणी मत मागितल्याचं किंवा नाकारल्याचं मला आठवत नाही. सध्या इथे सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून केवढं रान उठलंय ते तू बघतेसच. पण गर्दी कुठून आत, कुठून बाहेर, हे दारात आलेल्या उमेदवाराला मी विचारलं तर तो म्हणाला, काकू, देशाचं वातावरण बघून मतदान करा. मी म्हटलं, आधी गल्लीतला दिवा लाव. बाबा आतून हसत होते.

तर ये. संक्रांत बुधवारी, मतदान गुरुवारी साडेसात ते साडेपाच. राजधानीचं मिळालं तर बघ, नाहीतर मंगलाने ये. निजामुद्दीनला जाताना मेट्रो नको, रिक्षा कर, पैसे मी देते. हो, म्हटलं होतं पुन्हा काढणार नाही. दादाच्या हप्त्यांचा विषय मात्र बाबांसमोर काढू नकोस, ते अजून धुमसतंय. मामा येणार आहे तिळगूळ घ्यायला. तो विचारेल कुणाला देणार, तेव्हा आत चहा टाकायला जा.

मला कुणाला दिलंस ते सांगायचं नाही. गुप्त मतदान घरातही गुप्तच. पण परत जायच्या आधी आपण बसून फॉर्म ८ भरू आणि तुझं नाव दिल्लीला हलवू. हे मी तुला नोकरी लागल्यापासून सांगते आहे. ज्यांना जाब विचारायचा ते तिकडे, आणि तुझं नाव इकडच्या यादीत, माझ्या आणि बाबांच्या मध्ये. बाबांना ते आवडणार नाही, यादीत तिघं एकाखाली एक दिसतो म्हणतात. त्यांची समजूत मी काढते. तू आधार कार्ड आणि तिथल्या घराचा भाडेकरार घेऊन ये.

तुझी,
आई