एकाच दसऱ्यावर तीन घरे

पुणे, जून महिना

चि. मृण्मयी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ठाणे, मुलुंड आणि डोंबिवली अशा तिन्ही घरांची अंतर्गत सजावट पुरी करून ती तू दसऱ्याला ताब्यात देण्याचे कबूल करून बसली आहेस, हे काल फोनवर ऐकले. आई म्हणते, कामे कमी घे. मला तसे वाटत नाही. तीन कामे तुझ्या आवाक्यातली आहेत. पण तिन्हींचा शेवट एकाच आठवड्यात येऊन ठेपणार आहे, तो कोणाच्याच आवाक्यातला नाही. आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर नोकरी केलेल्या माणसाचे हे मत आहे, तेवढे धरून पुढे वाच.

कोणतेही घर डिझायनरला सुरुवातीला आणि शेवटी पिळून काढते. तोडफोड, नळाच्या लाइन आणि विजेच्या वायरींसाठी भिंतीत खाचा पाडणे चालू असताना रोज साइटवर उभे राहावे लागते, आणि पॉलिश, फिटिंग, राहिलेल्या किरकोळ दुरुस्त्या यांच्या वेळीही तेच. मधल्या काळात, एकदा सुतार बसले आणि ड्रॉइंग पक्के असले, की दोन-तीन दिवसांआड एक फेरी पुरते. म्हणून एका घराचा शेवट दुसऱ्याच्या मधल्या काळात पडेल, अशा बेताने कामे लावायची असतात. दसऱ्याच्या आधी काय काय येते तेही पाहा. कोकणातले कारागीर गणपतीला गावी जाणार, आणि पितृपक्षात पुष्कळ घरांतून नव्या वस्तूंची निवड आणि खरेदी थांबणार. त्यात लाकडावरचे मेलामाइनचे पॉलिश ऐन पावसाळ्यात करावे लागणार आणि हवेतल्या ओलाव्याने ते पांढरट पडले, की घासून पुन्हा मारावे लागणार. ठाण्याचे सिव्हिल काम संपले आहे, त्यामुळे ते घर दसऱ्याला दे. मुलुंडचे दिवाळीच्या आत होईल. डोंबिवलीचे अजून कागदावरच आहे. ते घर, उत्तरेकडचे सुतार दिवाळी आणि छठपूजा करून परतल्यावर, मार्गशीर्षात पुरे करण्याचे ठरव.

आता निर्णयांविषयी, कारण रात्रीची तुझी झोप त्यांनीच नेली आहे असा माझा अंदाज आहे. मुलुंडच्या बाथरूमचेच घे. शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा कॉक, कोणता, हे गृहस्थांनी अजून ठरवलेले नाही. तो भिंतीच्या आत बसतो आणि प्रत्येक कंपनीची खोली वेगळी असते. त्यामुळे प्लंबर थांबला, प्लंबर थांबला म्हणून वॉटरप्रूफिंग थांबले, ते झाल्यावर जमिनीवर पाणी भरून निदान एक-दोन दिवस गळती पाहायची ती राहिली, आणि टाइल बसवणारा दुसऱ्या साइटवर निघून गेला. एका नळाने चार कामे अडवली. ‘बघू, नंतर ठरवू’ हे वाक्य गृहस्थ म्हणतात आणि विसरतात. ते सांभाळत बसतेस तू. तेव्हा टाइल, सॅनिटरी, लॅमिनेट (प्लायवर चिकटवायचा रंगीत पत्रा), हँडल आणि दिव्यांचे पॉइंट यांच्या यादीवर सही झाल्याशिवाय भिंतीला हातोडा लावू देऊ नकोस. लॅमिनेटच्या तुकड्याच्या पाठीमागे क्रमांक, तारीख आणि यजमानांची सही घे, कारण पूर्ण ८ बाय ४ फुटांचा पत्रा कपाटावर चढला की ‘हा रंग आम्ही निवडलाच नव्हता’ असे म्हणणारी माणसे मी चांगल्या घरांतून पाहिली आहेत.

पैशांचे थोडक्यात सांगतो. प्लायची ऑर्डर जाण्याआधी त्या टप्प्याची रक्कम खात्यात आलेली असावी. सुताराची मजुरी तुझ्या बचतीतून एकदा गेली, की पुढे तीच पद्धत पडते. ओट्याखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचा, ओलाव्यात टिकणारा मरीन प्लाय आणि बेडरूममध्ये आयएस ३०३ चा साधा, हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिही, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखव. जास्तीचे काम दरासह लिहून मंजूर झाल्यावरच हाती घे. हिशेबाची शेवटची भांडणे बहुधा या तीन गोष्टींतूनच उगवतात.

आता तुझ्या थकव्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी स्थिती म्हटले आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती गळून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. पहिले मला तुझ्या आवाजात ऐकू येते. दुसऱ्याची शंका काल आली, कारण ज्या यजमानांच्या आवडीनिवडींविषयी तू वर्षारंभी तासभर कौतुकाने बोलली होतीस, त्यांना तू ‘ती बाई’ म्हणालीस.

रात्री अकराला येणाऱ्या फोटोंचे काय करायचे, असे तू विचारलेस. ते लोक तुला छळायला फोटो पाठवत नाहीत. आपल्या घरात काय चालले आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून पाठवतात. दर शुक्रवारी प्रत्येकाला साइटच्या फोटोंसह एक पान पाठव: काय झाले, पुढच्या आठवड्यात काय होणार, आणि त्यांचा कोणता निर्णय अडला आहे. सोबत एवढेही लिही की संध्याकाळी सातनंतर आलेल्या निरोपाचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळेल, आणि ते पाळ. एकदा रात्री उत्तर दिलेस की नियम मोडला. तुझ्या तिन्ही सोसायट्यांत रविवारी ठोकाठोक बंद असते. सेक्रेटरींवर तू चिडतेस, पण त्या नियमाच्या आडोशाने तुलाही रविवार मिळू शकतो, हे लक्षात घे. सोसायट्यांच्या समित्यांचा एवढा तरी उपयोग व्हावा.

डोंबिवलीच्या कुटुंबाला याच आठवड्यात प्रत्यक्ष भेट. तारीख पुढे जात असल्याचे फोनवर सांगू नकोस. कामाच्या दिवसांचा नवा तक्ता हातात घेऊन जा, त्यात पॉलिशला कोरडी हवा का लागते ते दोन ओळींत लिही, आणि वास्तुशांतीसाठी त्यांच्या गुरुजींना मार्गशीर्षातले दिवस काढायला सांग. मुलुंडकरांना नळासाठी शनिवारपर्यंतची मुदत दे. तक्ता आधी मला पाठव, सुतारकामाचे दिवस मी तपासून देतो. तू नेहमी वॉर्डरोबच्या शटरना वेळ कमी धरतेस.

तुझे,
बाबा