पीएसएचा नुसता आकडा देऊन माणसाला घाबरवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

दिवाळी झाल्यावर मंगळवार पेठेत एका मंडळाचं आरोग्य शिबिर होतं, तिथं आमच्या तात्यांनी (वय 71) रक्त दिलं, 'कॅन्सर मार्कर' फुकट होता म्हणून. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअपवर रिपोर्ट. पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रोटीन) 7.2, ठळक अक्षरात, पुढं वर जाणारा बाण. बास, बाकी एक ओळ नाही. तात्यांचं जेवण तुटलं, रंकाळ्याला फिरायला जायचं बंद, आणि आईला गुपचूप पासबुक कुठं ठेवलंय ते सांगायला लागले.

युरॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, लघवीला जळजळ होती का? होती की, त्याच आठवड्यात गोळ्या चालू होत्या! इन्फेक्शननं, वयानं वाढलेल्या प्रोस्टेटनं पण पीएसए वाढतं म्हणे. आणि हे प्रोटीन रक्तात एकाच रूपात नसतं, बरंचसं दुसऱ्या प्रोटीनला चिकटलेलं आणि थोडं सुटं फिरत असतं, कॅन्सर असला की सुट्याचा वाटा साधारण कमी होतो. म्हणून एकूण आकडा 4 ते 10 मधे असला की 'फ्री पीएसए' किती टक्के ते बघतात, 25 च्या वर असलं तर धोका कमी, 10 च्या खाली असलं तर जास्त. सुट्यातलाच आणखी एक प्रकार मोजून काढायचा 'फाय' नावाचा इंडेक्स पण आहे, अमेरिकेत 2012 ला मंजूर झालेला. तात्यांचं इन्फेक्शन गेल्यावर दीड महिन्यानं परत रक्त काढलं, 4.6 आलं, फ्री 28 टक्के. सहा महिन्यांनी परत बघू म्हणालेत.

आता शिबिरातच फ्री पीएसए करा म्हणावं तर ते सुटं प्रोटीन लवकर खराब होतं, सिरम वेळेत वेगळं करून थंडीत ठेवायला लागतं. आम्ही बघितलं तेव्हा नळ्या दुपारपर्यंत मांडवात प्लास्टिकच्या टेबलावर, चहाच्या थर्मासशेजारी उभ्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच, रक्त काढायच्या आधी लघवीचा त्रास आहे का विचारा आणि 4 ते 10 मधे आलं तर नुसता बाण पाठवू नका, फोन करून डॉक्टरकडं जायला सांगा, पुढची टेस्ट कुठली तेपण सांगा.

परवा त्याच मंडळाचा नवीन बोर्ड लागलाय, यावेळी बायकांसाठी सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर) फुकट. ते पाळीच्या दिवसांत आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये पण वाढतं, तेवढं बोर्डावर लिहा की.

– एक वाचक, कोल्हापूर