कोलटकरांच्या गाण्यावर कधी लिहिणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कवी अरुण कोलटकरांवर पेपरात काही आलं की मी बाकी सगळं सोडून आधी ते वाचतो, पण दरवेळी 'जेजुरी' आणि काळा घोडा या कविता, ते बसायचे ते मुंबईतलं वेसाइड इन हॉटेल आणि त्यांच्या घरात फोन नव्हता, यापुढे कोणी जातच नाही. हा माणूस अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकला, सत्तरच्या दशकात इंग्रजीत गाणी लिहिली, त्यातली काही रेकॉर्डही केली, यावर एक अख्खा लेख मराठीत का येत नाही?

एका मुलाखतीत त्यांना आवडते कवी-लेखक कोण असं विचारलं तर त्यांनी भलीमोठी यादीच ऐकवली. लोक म्हणतात ते प्रश्न टाळण्यासाठी दिलेलं उत्तर होतं, मला तसं अजिबात वाटत नाही. त्यात ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम आहेत, रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत, मर्ढेकर, ढसाळ, बहिणाबाई चौधरी आहेत आणि त्याच दमात अमेरिकेतले रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, जॉन ली हूकर, बॉब डिलन. लॉरेल-हार्डीपण आहेत! यातले कितीतरी लोक गाणारे आहेत हो, आणि आपण मात्र कोलटकरांवरचा प्रभाव म्हटलं की एलियट, पाउंड अशी पुस्तकातलीच नावं घेत बसतो.

ब्लूजमधे, म्हणजे जॉन्सन, वॉटर्स, हूकर गायचे त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यात, बहुतेक वेळा एक ओळ म्हणतात, तीच परत म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतात. आपल्या भजनात टाळकरी ध्रुपद परत परत उचलतात आणि प्रत्येक कडव्यानंतर ते थोडं वेगळं ऐकू येतं. दोन्हीकडे कान तयार झालेला कवी मॅनेजरकडे पगार मागणाऱ्या माणसाची कविता मुंबईच्या हिंदीत लिहितो आणि स्वतःच तिचं इंग्रजीत 'थ्री कप्स ऑफ टी' करतो तेव्हा मला तरी ती सरळ ब्लूज वाटते, मोठ्याने वाचून बघा. 'जेजुरी'त शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या आहेत, तिथे शब्दच पानभर वरखाली उड्या मारतात, ते जाहिरातीत चित्रकार म्हणून काम केलेल्या कोलटकरांचं काम आहेच पण त्यात ठेकासुद्धा आहे.

आणि बळवंतबुवा! भजनं गाणारे बुवा, त्यांचंही नाव त्या यादीत आहे, काफ्काच्या बरोबरीने. त्यांच्यासोबत कोलटकर वर्षानुवर्षं बसले, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहीत राहिले, हे मला फार मोठं वाटतं.

२००९ला अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी काढलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मधे त्या इंग्रजी गाण्यांचे शब्द छापलेत, पण मराठी घेऊन एमए करणाऱ्या पोरांपर्यंत ते पोचत नाहीत. कोलटकर जाऊन वीस वर्षं उलटली, जन्मशताब्दीही आता लांब नाही, त्यांना वाजवताना ऐकलेली माणसं म्हातारी झालीत. तेव्हा रविवारच्या पुरवणीत एक पान या विषयाला द्या, या लोकांना आत्ताच बोलतं करा आणि त्यांच्या गाण्याच्या टेप कोणाकडे असतील तर त्यांनी कळवावं असंही त्यातच छापा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर