म्झे, ती अट तुम्हीच घातली होती

प्रति,
मा. योवेरी कागुटा मुसेवेनी,
राष्ट्राध्यक्ष, युगांडा

स.न.वि.वि.

तुमच्या देशात मी सोळा वर्षं ऊस गाळला. 2003 मध्ये आलो आणि 2019 मध्ये निवृत्त होऊन सांगली जिल्ह्यातल्या माझ्या गावी परतलो. नाईल जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते त्या जिंजाच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे कळतं मला. पण ते जितकं तुम्हाला आहे तितकंच माझ्यासारख्यांना आहे. कंपाल्यात, जिंजात नोकरी करून सुट्टीला गावी आलेला आमच्यातला जो तो पारावर बसून एकच सांगायचा, "तिकडं काय त्रास नाही. म्हातारा खमक्या आहे." मीही सांगायचो.

तिकडे लोक तुम्हाला 'म्झे' म्हणतात. वडीलधारं माणूस, आमच्याकडचे आबा. मीही तेच म्हणतो.

तुमचं देणं आधी मान्य करतो, नाहीतर पुढचं सगळं कृतघ्नपणाचं वाटेल. 1981 च्या फेब्रुवारीत 27 बंदुका घेऊन तुम्ही काबाम्बाच्या लष्करी तळावर चालून गेलात. लुवेरोच्या रानात पाच वर्षं काढलीत आणि 26 जानेवारी 1986 ला कंपाला घेतलंत. तारीख ऐकून मला पहिल्यांदा मजा वाटली होती, कारण आमचा प्रजासत्ताक दिन तोच. तीन दिवसांनी संसदेच्या पायऱ्यांवर शपथ घेताना तुम्ही म्हणालात की हा नुसता पहारेकऱ्यांचा बदल नव्हे, मुळापासूनचा बदल आहे. त्याच वर्षी तुम्ही असंही म्हणालात की आफ्रिकेचं दुखणं तिथली माणसं नाहीत, खुर्ची न सोडणारे पुढारी आहेत. एड्सचं नाव घ्यायलाही बाकीचे राज्यकर्ते लाजत होते तेव्हा तुम्ही भर सभेत त्यावर बोललात, आणि त्याने जीव वाचले. 1997 पासून प्राथमिक शाळा फुकट केलीत. आमच्या लॅबमधला मदतनीस पोरगा 1986 चा जन्म. त्याचा बाप लुवेरोच्या लढाईत मारला गेला. पोरगा शिकला तो तुमच्या राज्यात. तुमच्याविरुद्ध तो माझ्यासमोर कधी बोलला नाही, बाजूनेही बोलला नाही.

पण तुमची सर्वांत मोठी कमाई माझ्या लेखी बंदुकीची नव्हे, 1995 ची राज्यघटना ही आहे. तुमच्या देशाने त्याआधी काय सोसलं होतं? 1966 मध्ये तेव्हाचे सत्ताधीश मिल्टन ओबोटेंनी नवी घटना आणली तेव्हा खासदारांना आधी मंजूर करा म्हणून सांगितलं आणि प्रती नंतर आपापल्या पत्राच्या खणात सापडतील म्हणून सांगितलं. त्या घटनेला लोक अजून 'पत्रखणातली घटना' म्हणूनच हिणवतात. पुढे ईदी अमीन, पुन्हा ओबोटे, मग ओकेलो. 1962 च्या स्वातंत्र्यापासून एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्याच्या हाती शांतपणे सत्ता दिली, असं तुमच्या देशात एकदाही घडलेलं नाही. म्हणून न्यायमूर्ती बेंजामिन ओडोकींचा आयोग गावोगाव फिरला, लोकांची निवेदनं घेतली, संविधानसभा निवडून आली, आणि 8 ऑक्टोबर 1995 ला घटना लागू झाली. तिच्यात दोन कुलपं होती. राष्ट्राध्यक्षाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती. आणि वय पस्तीस ते पंचाहत्तर. ही कुलपं विरोधकांनी लावली नव्हती. सत्ता तुमची होती, बहुमत तुमचं होतं, उद्घाटन तुमच्या हातचं.

पहिलं कुलूप निघालं ते माझ्या डोळ्यांदेखत. 2001 च्या जाहीरनाम्यात तुम्ही सांगितलं होतं की ही शेवटची वेळ. 2003 मध्ये तुमचे बालमित्र आणि रानातले सोबती एरिया कातेगाया तिसऱ्या मुदतीला नको म्हणाले, मंत्रिमंडळातून गेले. मंत्री मिरिया मातेंबेही गेल्या. त्यानंतर खासदारांना प्रत्येकी 50 लाख शिलिंग मिळाले, आणि 2005 मध्ये मुदतीची अट घटनेतून गेली. त्याच वर्षी जुलैत सार्वमत घेऊन बहुपक्षीय राजकारण परत आणलंत. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्या हाताने बाहेर जायचा रस्ता बुजवला.

त्या दिवसांतलं एक चित्र डोळ्यांपुढून जात नाही. तिकडच्या लुगांडा भाषेत 'किसांजा' म्हणजे केळीचं वाळकं पान, आणि तोच शब्द मुदतीला, कारकिर्दीला वापरायला लागले. तुमचे समर्थक अंगाला वाळकी पानं गुंडाळून, नाचत, मिरवणुका काढत होते. मी केळीच्या मुलखातला नसलो तरी शेतकऱ्याच्या घरातला आहे. केळीचं वाळकं पान वेळेवर काढून टाकतात, एवढं मला माहीत आहे. मातोके, म्हणजे कच्ची केळी, शिजवणाऱ्या तुमच्या बायाबापड्यांना तर ते माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या मिरवणुकीकडे बघून त्या हसत होत्या की नव्हत्या, मला अजून सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर मला तेव्हा धक्का बसला नाही. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस. आमच्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभेत पोटनियम दुरुस्तीचा विषय वाचून संपायच्या आत मागच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" ऐकू येतं. तीस-तीस वर्षं एकच चेअरमन, मग त्यांचा मुलगा. हरकत घ्यायला उठलेल्या सभासदाचा माईक बंद पडतो. त्यामुळे तुमच्या संसदेत चाललं होतं ते मला परकं वाटलंच नाही. उलट ओळखीचं वाटलं, आणि तेच वाईट झालं.

दुसऱ्या कुलपाला बारा वर्षं लागली. मधल्या काळात, 2012 मध्ये, तुम्हीच टीव्हीवर म्हणाला होतात की पंचाहत्तरीनंतर माणसात पूर्वीचा जोम राहत नाही, असं शास्त्र सांगतं. तुमचा जन्म 1944 चा. म्हणजे 2021 ची निवडणूक तुम्हाला लढता येणार नव्हती. 2017 च्या सप्टेंबरात खासदार राफाएल माग्येझी वयाची अट काढणारं विधेयक घेऊन उभे राहिले. लोकांनी डोक्याला लाल फिती बांधल्या. घोषणा एकच, 'तोगिक्वाताको', म्हणजे त्याला हात लावू नका. आमच्या गेटबाहेरचे बोडाबोडावालेही, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवालेही, एकमेकांना हळूच तेच म्हणायचे. सभागृहात खुर्च्या उडाल्या, माईकचे दांडे निघाले. मग साध्या वेशातले सैनिक आत शिरले आणि खासदारांना फरफटत बाहेर नेलं. बेटी नाम्बूझे या खासदार बाईंच्या पाठीला दुखापत झाली ती त्याच वेळी. मी कँटीनमधल्या टीव्हीवर बघत होतो. लॅबमधला तो पोरगा माझ्या शेजारी उभा होता. त्याने चहाचा कप ठेवला आणि न बोलता कामावर निघून गेला.

त्यानंतर मतदारांचा सल्ला घ्यायला म्हणून खासदारांना प्रत्येकी 2 कोटी 90 लाख शिलिंग. काहींनी ते परत केले, त्यांना माझा नमस्कार. 20 डिसेंबरला मतदान झालं, बाजूने 317, विरुद्ध 97. खासदारांनी जाता जाता स्वतःची मुदतही पाचाची सात वर्षं करून घेतली. घटना न्यायालयाने 2018 मध्ये ती वाढ रद्द केली. त्याच विधेयकात राष्ट्राध्यक्षाच्या दोन मुदतींची अट परत आणणारी तरतूद घातली होती, तीही गळली. वयाची अट काढली ती मात्र टिकली. 2019 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन अशी ती शेवटची पायरीही पार झाली. एका न्यायमूर्तीचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर तुम्ही आज रवाकिटुराच्या गोठ्यात तुमच्या लांब शिंगांच्या गाईंबरोबर असता. माग्येझी पुढे मंत्री झाले.

या सगळ्याला कायद्याच्या दृष्टीने नाव ठेवता येत नाही, हीच तर तुमची हुशारी. ओबोटेंनी घटना पत्राच्या खणात टाकली. तुम्ही मात्र विधेयक आणलंत, चर्चा घेतलीत, मतदान घेतलंत, न्यायालयातही बाजू मांडलीत.

आता आमच्याबद्दल.

1972 मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यात बहुतेक गुजराती होते. आम्ही मराठी माणसं तिकडे आलो ती बरीच नंतर, पगारी तंत्रज्ञ म्हणून. तुम्ही त्या लोकांना परत बोलावलंत, त्यांच्या मिळकती परत दिल्यात, बंद पडलेले कारखाने सुरू झाले, आणि त्या कारखान्यांना केमिस्ट, इंजिनियर, पॅनमन हवे होते म्हणून कोल्हापूर-सांगलीकडची माणसं विमानात बसली. माझ्या घराचा वरचा मजला त्या पगारातून बांधला आहे. म्हणून आम्ही गप्प बसलो. नुसते गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. आम्ही त्याला 'स्थैर्य' असं नाव दिलं आणि ते पारावर विकलं.

2007 च्या एप्रिलमध्ये त्या स्थैर्याचा तळ दिसला. माबिरा जंगलाचा जवळपास चौथा हिस्सा, सुमारे 7,100 हेक्टर, उसासाठी एका साखर कंपनीला द्यायचा तुमचा बेत होता. कंपाल्यात मोर्चा निघाला, बिथरला, आणि मोटरसायकलवरून चाललेल्या एका भारतीय माणसाला जमावाने दगडांनी ठेचून मारलं. ज्याचा त्या जंगलाशी, त्या कंपनीशी कसलाही संबंध नव्हता. आम्ही दोन दिवस कॉलनीच्या बाहेर पडलो नाही. बायको पोराला घेऊन आतल्या खोलीत बसली होती. त्या रात्री मला पहिल्यांदा समजलं की आमच्या पाठीशी कायदा नाही, तुम्ही आहात. जंगल द्यायचं ते तुम्ही ठरवणार, आम्हाला राखायचं तेही तुम्हीच. संसदेने, वनखात्याने, न्यायालयाने मिळून नको म्हटलं असतं तर त्या दगडांची गरजच पडली नसती. खून करणाऱ्यांना मी माफ करत नाही. पण राग दगड होऊन बाहेर आला, कारण त्याला जायला दुसरी वाट ठेवली नव्हती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे मोळी पडते, चार-पाच महिने गाळप चालतं, मग हंगामाची सांगता होते, पूजा होते, माणसं घरी जातात. तुमच्याकडे विषुववृत्तावर ऊस बाराही महिने असतो. पण तिथेही मिल ठरल्या दिवशी थांबवावीच लागते. रोलर काढून बघायचे, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या. तोट्याच्या हिशेबाने एका वरिष्ठाने एकदा ते पुढे ढकललं, आणखी एकदा ढकललं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. माझ्या डाव्या हातावर अजून भाजल्याचा डाग आहे.

मी परत आल्यावर बातम्या फक्त फोनवर कळतात. नोव्हेंबर 2020 मध्ये निदर्शनांच्या दोन दिवसांत 54 माणसं मारली गेली. 2021 मध्ये निवडणुकीला इंटरनेट बंद, 2026 मध्ये पुन्हा बंद. रानात तुमचे डॉक्टर असलेले किझ्झा बेसिग्ये, तुमच्याविरुद्ध चार निवडणुका लढलेले, 2024 मध्ये नैरोबीतून उचलून आणले गेले आणि लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या जानेवारीत सांगितलं की सामान्य नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालवता येणार नाहीत. जूनमध्ये संसदेने कायदा बदलून ती वाट पुन्हा उघडली. सेना चिरंजीवांकडे, शिक्षणखातं वहिनीसाहेबांकडे. हे वाचून आमच्याकडचा कुणीही सभासद म्हणेल, बरोबर आहे, आमच्याकडेही असंच असतं.

आणि यंदा जानेवारीत सातव्यांदा, 71 टक्क्यांहून जास्त मतांनी.

मागणं एकच आहे. तुम्ही उद्या जावं असं म्हणायचा अधिकार मला नाही, मी त्या देशाचा मतदार नव्हतो आणि नाही. पण ती दोन कुलपं परत लावा, आणि या वेळी अशी लावा की सार्वमताशिवाय कुणाला उघडता येऊ नयेत, तुमच्या चिरंजीवांनासुद्धा. खासदार आणायला तुम्हाला अडचण पडणार नाही. 317 जणांनी एकदा हात वर केलेच आहेत.

लॅबमधल्या त्या पोराचा अधूनमधून फोन येतो. आता तो पोरगा राहिला नाही, चाळिशीला आला. त्याची थोरली लेक 2031 मध्ये पहिल्यांदा मत देईल. तेव्हा तुम्ही 86 वर्षांचे असाल. मागच्या महिन्यात बोलता बोलता मी त्याला विचारलं की तुमच्यानंतर कोण येईल. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारलं, "सांगलीत पाऊस पडला का?"

कळावे,

आपला,
युगांडातून निवृत्त झालेला एक साखर केमिस्ट